मेंदू सरकला तर नकाशाही बदलायला हवा! शस्त्रक्रियेत उपयोगी पडणारी ‘मेश’ काय असते?

मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी रुग्णाचा एमआरआय केला जातो. गाठ नेमकी कुठे आहे, बोलण्याचे किंवा हातपाय हलवण्याचे केंद्र तिच्यापासून किती अंतरावर आहे, हे त्यावरून समजते. शस्त्रक्रियेत ही प्रतिमा नकाशाचे काम करते. मात्र कवटी उघडली की मेंदूभोवतालचा द्रव निघून जातो, दाब बदलतो आणि मेंदू जागेवरून सरकतो. हे सरकणे कधी कधी एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त असते. याला ‘ब्रेन शिफ्ट’ म्हणतात. अशा वेळी जुना नकाशा दिशाभूल करू शकतो. तो दुरुस्त करण्यासाठी संगणकाला आधी मेंदूची ‘मेश’, म्हणजे त्रिमितीय जाळी लागते.

मेश म्हणजे काय?

स्कॅनची प्रतिमा ‘व्हॉक्सेल’ नावाच्या छोट्या ठोकळ्यांची बनलेली असते. ५१२ × ५१२ बिंदूंचे ५०० काप घेतले, तर १३ कोटींहून अधिक व्हॉक्सेल होतात. पण प्रत्येक व्हॉक्सेल फक्त उजळपणा सांगतो. ऊती दाबली की कशी वाकेल, हे काढायला ‘फायनाइट एलिमेंट’ ही गणिती पद्धत वापरतात. त्यासाठी अवयवाचे लहान तुकडे पाडले जातात. हे तुकडे बहुतेकदा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजू असलेले घनाकार असतात. एकमेकांना चिकटलेल्या या तुकड्यांची जाळी म्हणजेच मेश. प्रत्येक तुकड्याचे गणित सोपे असते. ती सगळी जोडली की पूर्ण अवयवाची हालचाल कळते.

तुकडे फार चपटे झाले, तर उत्तर बिघडते. चांगले तुकडे मिळावेत म्हणून रशियन गणितज्ञ बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेला नियम वापरतात. चतुष्फलकाच्या चारही टोकांतून जाणाऱ्या गोलाच्या आत जाळीचा दुसरा कोणताही बिंदू नसावा, असा हा नियम आहे. त्रिमितीत एवढ्यानेही काही चपटे तुकडे उरतात, ते वेगळे सुधारावे लागतात.

काम वाटून घेणे अवघड का?

सुरुवातीची जाळी शस्त्रक्रियेआधीच तयार ठेवता येते. पण गाठीचा भाग कापून काढला की आकारच बदलतो आणि जाळी पुन्हा विणावी लागते. रुग्ण टेबलावर असताना हातात काही मिनिटेच असतात. म्हणून हे काम संगणकाच्या अनेक कोअरमध्ये वाटले जाते. यालाच ‘पॅरलल’ मेश निर्मिती म्हणतात.

अडचण अशी, की नवा बिंदू टाकल्यावर आजूबाजूचे काही तुकडे काढून ती पोकळी नव्याने भरावी लागते. दोन कोअरनी शेजारशेजारच्या जागी एकाच वेळी हात घातला, तर जाळी फाटते. यावर दोन प्रमुख उपाय आहेत. पहिल्यात अवयवाचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळ्या कोअरकडे देतात आणि सीमेवरचे काम समन्वयाने करतात. दुसऱ्यात प्रत्येक कोअर आपल्याला लागणाऱ्या तुकड्यांना तात्पुरते ‘कुलूप’ लावतो. ते आधीच दुसऱ्याने लावले असेल, तर आपले अर्धवट काम रद्द करून दुसरीकडे वळतो. यात थोडा वेळ वाया जातो. म्हणूनच कोअर दुप्पट केले, तरी वेळ नेमका निम्मा होतोच असे नाही.

इतर उपयोग कोणते?

हृदयाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनवरून जाळी तयार करून अडथळ्यामुळे रक्तप्रवाह किती घटला, हे काढता येते. अशा एका चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली. कृत्रिम सांधा बसवल्यावर हाडावर किती ताण येईल, याचा अंदाजही याच पद्धतीने घेतात.

मर्यादा काय?

प्रतिमेत अवयवाची किंवा गाठीची सीमा चुकीची आखली गेली, तर संगणक त्या चुकीच्या आकाराचीच सुबक जाळी विणून देतो. वेग वाढला म्हणून ही चूक सुधारत नाही. त्यामुळे दुरुस्त नकाशा पडद्यावर आला, तरी समोरच्या मेंदूशी तो जुळतो का, हे पाहण्याचे काम शेवटी शल्यचिकित्सकाचेच असते.