मेदावरील मोर्तब

गर्भात मेंदूची घडण चालू असताना अब्जावधी मज्जापेशींपैकी प्रत्येकीला तीन बाबींचा निकाल लावून घ्यावा लागतो : जगावे की मरावे, अंगाने किती वाढावे, आणि आपल्याला फुटलेल्या अनेक धुमाऱ्यांपैकी नेमका कोणता दूरच्या मुलखात धाडावा. या निकालांत जनुकांचा आणि प्रथिनांचा अधिकार मोठा आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु पेशीभोवतीच्या पातळ स्निग्ध पटलातील काही विरळ मेदरेणूंचाही त्यांत हात असावा, ही कल्पना शास्त्रज्ञांच्या गळी उतरावयास बराच काळ लागला.

१९५३ साली कॅनडातील माँट्रियल येथे मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाचे काप किरणोत्सारी फॉस्फरस मिसळलेल्या द्रावात ठेवून त्यांवर ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचा प्रयोग केला, तेव्हा पेशी पाचकरस स्रवू लागल्या आणि त्याच वेळी तो फॉस्फरस पेशींच्या मेदात एरवीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शिरताना आढळला. पुढे मेंदूच्या कापांतही हाच प्रकार दिसून आला. तोवर ज्याची गणना निव्वळ कुंपणात होत असे, ते पटल बाहेरची वर्दी पोहोचताच आपली रासायनिक ठेवण बदलते, असा याचा अर्थ होता.

हा बदल घडवून आणणाऱ्या विकरांना लिपिड कायनेज म्हणतात. फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल या मेदरेणूच्या दोन शेपट्या पटलात रुतलेल्या असतात, आणि सहा कर्बाणूंच्या वलयाचे त्याचे मस्तक पेशीच्या आतल्या अंगाला डोकावत असते. या वलयाच्या ठरावीक स्थानी, एटीपी या रेणूकडून घेतलेला फॉस्फेटचा गट बसवणे, एवढेच कायनेजचे काम. जुन्या दप्तरांत मजकूर पुरा झाला तरी मोर्तब झाल्यावाचून पत्राचा अंमल सुरू होत नसे, तशीच काहीशी येथली रीत आहे. ल्युइस कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले की, त्यांच्या हाती आलेले कायनेज वलयाच्या तिसऱ्या स्थानावर फॉस्फेट बसवते. या पीआय-३ कायनेजने शिक्का उठवला की ॲक्ट नावाचे प्रथिन तो ओळखून पटलापाशी हजर होते, कार्यान्वित होते आणि पुढील हुकूम सोडते. आणि पीटेन नावाचे दुसरे विकर तोच शिक्का पुसून टाकण्यासाठी सदैव तैनात असते.

रिता लेव्ही-मोंतालचिनी यांना ज्या मज्जावर्धक घटकाच्या शोधासाठी १९८६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तो घटक मज्जापेशींना मरणापासून वाचवतो हे आधीपासून माहीत होते. हे संरक्षण पीआय-३ कायनेजच्या मार्फत मिळते, याचा पुरावा १९९५ साली हाती आला : मज्जापेशींसारख्या वागणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे कायनेज औषधाने रोखताच, घटक उपलब्ध असूनही पेशी मरू लागल्या.

दिशेचा निर्णय त्याहून मनोवेधक आहे. उंदराच्या गर्भातील, मेंदूच्या हिप्पोकँपस या भागातली मज्जापेशी काचेच्या बशीत ठेवली असता तिला प्रथम जवळजवळ सारख्या लांबीचे काही धुमारे फुटतात, आणि दीड-दोन दिवसांत त्यांतला एकच झपाट्याने लांबून अक्षतंतू होतो, बाकीचे मागे राहतात. सॅन फ्रान्सिस्को येथील लिली जान आणि युह नुंग जान यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली दाखवले की पीआय-३ कायनेजचे कार्य या भाग्यवान धुमाऱ्याच्या टोकाशी एकवटलेले असते आणि ते रोखल्यास ही निवडच विस्कटते. उलट ॲक्टला पेशीभर जागते ठेवले, तर एका पेशीला एकाहून अधिक अक्षतंतू फुटतात. शिक्का योग्य जागी उठणे जितके अगत्याचे, तितकेच तो अन्यत्र न उठणेही अगत्याचे.

वाढीच्या बाबतीत हा तोल ढळला की काय होते, ते रुग्णालयांत पाहावयास मिळते. पीटेनच्या जनुकात दोष असलेल्या काही मुलांचे डोके प्रमाणाबाहेर मोठे असते आणि त्यांच्यात स्वमग्नताही आढळते. २०१२ साली असे उघडकीस आले की मेंदूचा एकच अर्धगोल अवाढव्य होऊन औषधाला न जुमानणारे अपस्माराचे आचके येतात, त्या विकारात कित्येकदा पीआय-३ कायनेजच्या किंवा ॲक्टच्या जनुकातील बदल केवळ मेंदूच्या काही पेशींपुरताच मर्यादित असतो. गर्भाची वाढ चालू असताना एखाद्या पेशीत तो उपजतो आणि तिच्या वंशजांतच उतरतो, म्हणून रक्ताची तपासणी निर्दोष ठरू शकते.

पीआय-३ कायनेजला आवर घालणारे अल्पेलिसिब हे औषध त्याच्या जनुकातील बदलांमुळे होणाऱ्या शारीरिक अतिवृद्धीच्या विकारांसाठी अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. परंतु इन्सुलिनचा निरोपही याच कायनेजमार्फत पोहोचत असल्यामुळे त्याने रक्तातील साखर चढू शकते. दुसऱ्या टोकाला, २००८ साली उंदरांतील पीटेनचे जनुक काढून टाकताच दुखावलेल्या दृष्टिमज्जेचे तंतू पुन्हा वाढू लागले. मात्र तेच पीटेन अर्बुदांनाही आळा घालत असते. शरीरभर एकच विकर इतक्या खात्यांचा कारभार पाहत असता, त्याला सरसकट बंद किंवा सरसकट मोकळे करणाऱ्या औषधाकडून मेंदूच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवता येणार नाही. मज्जापेशीला मात्र हा विवेक उपजत असतो. कोणत्या जागी, किती आणि किती वेळ, हे ठरवू शकणारा उपाय सापडेल, तेव्हाच उपचाराने तिची बरोबरी केली असे म्हणता येईल.