भिंतीवरचा फौजी फोटो वाचताना

अकोला-अमरावतीकडच्या कितीतरी घरांत पणजोबांचा गणवेशातला फोटो आहे. पलटण मात्र कुणालाच ठाऊक नसते. आधी बाही बघा: दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. मग टोपीवरचा बिल्ला. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. भिंगाखाली तो दिसला की अंगावर काटाच येतो! छातीवर सहा टोकांचा तारा असेल तर दुसरं महायुद्ध. रिबनच्या छटेवर विसंबू नका. जुन्या फिल्मवर लाल रंग काळपट, निळा फिका उमटायचा. आणि खरं पदक पेटीत असेल तर कृपया घासूनपुसून चकचकीत करू नका. कडेला किंवा मागे बहुधा नाव नि नंबर कोरलेला असतो, तोच पुसट होतो.