दोनदा पाडायला काढलेलं घर

1991 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या ब्लेचलीच्या इतिहासप्रेमी मंडळींनी एका जुन्या बंगल्याला निरोप द्यायचं ठरवलं. लंडनच्या वायव्येला साधारण पन्नास मैलांवर, रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या ब्लेचली पार्कच्या आवारावर नवी घरं उठणार होती. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात इथे काम केलेल्यांना एकदा बोलवावं, चहापाणी करावं, आठवणी निघाल्या तर ऐकाव्यात, एवढाच बेत. पत्ते शोधून बोलावणी गेली आणि जवळजवळ चारशे माणसं आली.

ती बोलू लागली आणि यजमान ऐकतच राहिले. जर्मन सैन्याचे एनिग्मा यंत्रावरचे गुप्त संदेश याच आवारात फोडले जात, हे पुस्तकांतून आलेलं होतं. पण कोण कुठे बसायचं, रात्रपाळीला काय मिळायचं, कोणत्या खोलीत कोणतं यंत्र धडधडायचं, हे या माणसांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. निरोपाचा कार्यक्रम संपेपर्यंत घर वाचवायचा विचार पक्का होऊ लागला होता. 1992 च्या फेब्रुवारीत ब्लेचली पार्क ट्रस्ट उभा राहिला, आणि मिल्टन कीन्सच्या नगरपरिषदेने बराचसा परिसर संरक्षित ठरवला.

या घराचे किस्से पुष्कळ आहेत, पण मला हाच सर्वांत थोर वाटतो. घर आधी एकदा बिल्डरच्या हातून सुटलं होतं ते गुपित ठेवण्यासाठी. या वेळी सुटलं ते गुपित सांगितलं गेल्यामुळे.

पहिली सुटका समजायला थोडं मागे जावं लागतं. हर्बर्ट लिऑन हे लंडनचे पैसेवाले गृहस्थ, पुढे खासदार आणि सर झालेले. त्यांनी 1883 मध्ये ही जागा घेतली आणि मूळ घर चहूबाजूंनी वाढवत नेलं. एका बाजूला तांब्याचा हिरवट घुमट, मधे विटांच्या टोकदार कमानी, पलीकडे डच धाटणीचं शिखर. लिऑनसाहेब प्रवासाहून परतले की पाहिलेलं काहीतरी घराला चिकटवत, असं सांगतात. युद्धकाळात इथे काम केलेल्या लँडिस गोर्स या अमेरिकी वास्तुविशारदाने या घराला फार कडक शब्दांत नावं ठेवली आहेत. मला ते पटत नाही. मालकाने हौसेने, कुणाला न विचारता बांधलेलं घर आहे ते. आपल्याकडच्या वाड्यांतही एका पिढीची ओसरी आणि दुसऱ्या पिढीची माडी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून वाडा कुरूप ठरत नाही.

1926 मध्ये लिऑन गेले, 1937 मध्ये त्यांच्या पत्नी. मालमत्ता विक्रीला निघाली आणि ह्युबर्ट फॉकनर या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाच्या हाती आली. घर पाडायचं, भूखंड पाडायचे, नवी वस्ती उठवायची, असा त्याचा हिशेब होता. एवढ्यात ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल ह्यू सिंक्लेअर यांची नजर या जागेवर पडली. लंडनवर बॉम्ब पडले तर खातं हलवायला त्यांना ठिकाण हवं होतं, आणि इथून लंडनला थेट गाडी होती, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला जोडणारा लोहमार्गही इथूनच जात होता. सरकारी खाती पैसे देईनात, तेव्हा 1938 मध्ये सिंक्लेअर यांनी स्वतःच्या खिशातून 6,000 पौंड टाकून जागा घेतली, असं ट्रस्टची मंडळी अभिमानाने सांगतात. पुढे आवारात लाकडी बराकी उभारायचं काम निघालं तेव्हा ते मिळालं फॉकनरलाच. घर पाडायला निघालेला माणूस त्याच घराभोवती देशासाठी बांधकाम करू लागला.

1938 च्या म्युनिक संकटाच्या वेळी रंगीत तालीम झाली. नौदलातल्या कॅप्टन रिडली यांच्या नावाने ‘शिकारीला आलेली पाहुणेमंडळी’ बंगल्यात उतरली. सोबत लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातला आचारी होता. गावाला सांगायला शिकारीची सबब बरी होती, आणि खेड्यातल्या श्रीमंती बंगल्याला ती शोभतही होती. युद्ध टळल्यासारखं झालं, पाहुणे परतले. 1939 च्या ऑगस्टमध्ये तेच लोक पुन्हा आले ते मुक्कामालाच. एनिग्माचं गणित आधी सोडवलं होतं पोलंडच्या गणितज्ञांनी आणि त्याच जुलैत त्यांनी आपलं सगळं ज्ञान इंग्रजांपुढे ठेवलं होतं. हे ऋण फार उशिरा मान्य झालं, म्हणून ते प्रत्येक वेळी सांगायला हवं.

बंगला अपुरा पडला, म्हणून हिरवळीवर बराकी उठल्या. त्यांना हट म्हणत आणि विभाग त्यांच्या क्रमांकावरूनच ओळखले जात. हट 6 मध्ये जर्मन लष्कर आणि हवाई दलाचे संदेश उलगडायचे, शेजारच्या हट 3 मध्ये त्यांचं भाषांतर व्हायचं. कागद घेऊन दर वेळी थंडीपावसात बाहेर पडायला नको, म्हणून दोन्ही बराकींच्या भिंतींना भोकं पाडून मधे लाकडी बोगदा बसवला होता. कागदाचा ट्रे त्यात ठेवायचा आणि झाडूच्या दांड्याने पलीकडे ढकलायचा. युरोपातल्या लढायांचं भवितव्य बदलणारे कागद असे झाडूच्या दांड्याने सरकत होते. 1940 च्या नोव्हेंबरात आवारात बॉम्ब पडला आणि हट 4 पायावरून हातभर सरकली. आत नौदलाचा विभाग काम करत होता. काम न थांबवता बराक पुन्हा जागेवर ओढून घेतली. हट 8 मधले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आपला चहाचा मग साखळीने रेडिएटरला बांधून ठेवत, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्यांनी चांदीच्या लगडी विकत घेऊन परिसरात पुरल्या होत्या. युद्धानंतर धातुशोधक यंत्र घेऊन फिरूनही त्या त्यांना सापडल्या नाहीत.

1945 च्या सुरुवातीला इथल्या कामावर जवळपास नऊ हजार माणसं होती, त्यांतल्या दर चारांत तीन स्त्रिया. दिल्लीच्या आनंद पर्बतावरचं वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर जपानी संदेशांवर काम करत होतं, तेही याच जाळ्याचा भाग. युद्ध संपलं आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं गेलं. 1974 मध्ये हे गुपित फोडणारं विंटरबॉथम यांचं पुस्तक येईपर्यंत जगाला पत्ता नव्हता, आणि त्यानंतरही कित्येकांनी तोंड उघडलं नाही. आपल्या मुलीने युद्धात काय केलं हे न कळताच कित्येक आईबाप गेले.

मधल्या काळात आवारात शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय, टपाल आणि दूरध्वनी खात्यांची केंद्रं अशी वेगवेगळी बिऱ्हाडं राहून गेली. बराकींची छपरं गळू लागली.

ट्रस्ट झाला म्हणून पैसा आला नाही. पहिली कित्येक वर्षं घर स्वयंसेवकांच्या जिवावर चाललं. अभियंते टोनी सेल यांनी 1993 मध्ये कोलॉसस हा इथला युद्धकालीन संगणक पुन्हा बांधायला घेतला. आराखडे नष्ट केलेले होते. हाती होती ती मोजकी छायाचित्रं आणि जुन्या अभियंत्यांनी नियम मोडून जपलेली आकृत्यांची कात्रणं. 1996 मध्ये यंत्र चालू झालं. मग 1 एप्रिल 2000 रोजी एक दुर्मीळ एनिग्मा भरदिवसा काचेच्या कपाटातून चोरीला गेलं. खंडणीची पत्रं आली. अखेर ऑक्टोबरात ते यंत्र टपालाने बीबीसीचे जेरेमी पॅक्समन यांच्या टेबलावर येऊन पडलं, तेही काही चक्रं गायब असलेलं.

2008 पर्यंत अवस्था इतकी वाईट झाली की संगणकशास्त्रज्ञ सू ब्लॅक यांनी देशभरातल्या प्राध्यापकांच्या सह्या घेऊन ‘टाइम्स’ला पत्र धाडलं. पुढच्या फेब्रुवारीत अभिनेते स्टीफन फ्राय लंडनमध्ये लिफ्टमध्ये अडकले आणि अडकल्या जागेवरून ट्विट करू लागले. ब्लॅक यांनी तेवढ्यात त्यांना ब्लेचलीचं सांगितलं. फ्राय यांनी ते आपल्या लाखो वाचकांपर्यंत पोचवलं आणि घराचं नाव एका दिवसात सर्वतोमुखी झालं.

2011 मध्ये लॉटरीच्या वारसा निधीतून मोठी रक्कम मंजूर झाली. इथपासूनचं काम मला सर्वांत आवडतं. बंगल्यासमोरच्या वाहनतळाची जागा पुन्हा हिरवळीला मिळाली. आणि बराकी नव्याकोऱ्या करायच्या नाहीत असं ठरलं. सडलेलं लाकूड काढलं, पण आतली कोंदट तपकिरी रंगसंगती, उघडे दिवे, खरचटलेली टेबलं युद्धकाळातल्यासारखीच ठेवली. जुन्या वास्तूचा पुनर्विकास म्हणजे संगमरवर आणि झुंबरं, असं समजणाऱ्यांनी हट 6 मध्ये जरूर उभं राहून पाहावं. 18 जून 2014 ला केंब्रिजच्या डचेस केट यांच्या हस्ते हे काम खुलं झालं. त्यांची आजी व्हॅलरी ग्लासबरो आणि आजीची जुळी बहीण मेरी, दोघी इथेच कामाला होत्या.

दुरुस्ती चालू असताना 2013 मध्ये हट 6 च्या छपराच्या फटींत कागदांचे बोळे सापडले. वारा आत येऊ नये म्हणून युद्धकाळात कुणीतरी ते कोंबले होते. उलगडून पाहिले तर त्यात भोकं पाडलेले लांब तक्ते, म्हणजे नौदलाचं एनिग्मा फोडण्यासाठी ट्युरिंग यांनी शोधलेल्या पद्धतीतले ‘बॅनबरी’ कागद होते. वापरून झालेला प्रत्येक कागद नष्ट करायचा, हा इथला कडक नियम, त्यामुळे असा एकही तक्ता उरला असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ज्याने गारठ्याला वैतागून नियम मोडला त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण त्याच्यामुळे ते आज पाहता येतात.

इथे काम केलेल्यांची नामावली ट्रस्टने तयार केली आहे. आजीच्या पेटीत बिल्ला किंवा पत्र सापडलं की नातवंडं कळवतात, आणि त्या यादीत अजून भर पडते आहे.