पोटांतला फुगा



लठ्ठपणाचा विषय निघाला कीं आपल्याकडे दोनच सल्ले ऐकूं येतात: कमी खा, आणि रोज चाला. हे सल्ले खोटे नाहींत. परंतु ज्यांनीं ते वर्षानुवर्षें पाळून पाहिले आणि तरीही ज्यांचें वजन उतरलें नाहीं, त्यांस ते टोमण्यासारखे लागतात. दुसऱ्या टोकास शस्त्रक्रिया आहे. तिचें नांव काढतांच घरचीं माणसें धास्तावतात. या दोहोंमधल्या एका वाटेची हकीगत आज सांगावयाची आहे. ती वाट म्हणजे जठरांत ठेवावयाचा फुगा.

कांहीं रोग्यांस स्वतःचे केस गिळण्याची संवय असते. त्यांच्या जठरांत केसांचा गोळा बनतो, भूक मंदावते आणि ते रोडावतात, हें वैद्यांस ठाऊक होतें. मग निरुपद्रवी असा कृत्रिम गोळाच पोटांत ठेवला तर? नीबेन व हार्बो यांनीं १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत फुग्याची ही कल्पना मांडली.

पुढें १९८५ सालीं अमेरिकेंत ‘गॅरेन-एडवर्ड्स’ नांवाच्या फुग्यास सरकारी मान्यता मिळाली आणि तो हजारो लोकांच्या पोटांत गेला. तो हवेनें भरलेला व नळकांड्याच्या आकाराचा होता. कित्येकांच्या जठराच्या अस्तरास व्रण पडले. कांहीं फुगे हवा जाऊन आंतड्यांत अडकले. शिवाय कांहीं रोग्यांच्या पोटांत फुगा ठेवून, आणि कांहींच्या पोटांत तो ठेवल्याचा केवळ देखावा करून, तुलना करण्यांत आली. आहाराचा उपदेश दोघांसही सारखाच होता. वजनांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. तो फुगा बाजारांतून गेला.

तथापि या अपयशांतूनच सुधारणेचा मार्ग सांपडला. १९८७ सालीं फ्लॉरिडांत तज्ज्ञांची बैठक भरली. फुगा गुळगुळीत, टिकाऊ, द्रवानें भरलेला आणि क्ष-किरणांच्या चित्रांत दिसणारा असावा, असें तेथें ठरलें. पुढचा सिलिकोनचा गोल फुगा बहुतांशीं याच धर्तीचा आहे. दुर्बिणीच्या साह्यानें तो तोंडावाटे उतरवितात व त्यांत ४०० ते ७०० मिलिलिटर मिठाचें पाणी भरतात. पोटावर छेद घ्यावा लागत नाहीं. फुगा जागा अडवितो, अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकतें, आणि थोड्या घासांनीं तृप्ति होते. जठरांतील अम्लामुळें फुग्याची भिंत झिजते. म्हणून सहा महिन्यांनीं तो काढावाच लागतो.

‘ऑर्बेरा’ या फुग्यास अमेरिकेंत २०१५ सालीं मान्यता मिळाली. त्यापूर्वींच्या चाचणींत सहा महिन्यांअंतीं फुगेवाल्यांचें वजन सरासरी २२ पौंडांनीं उतरलें, तर केवळ आहार-व्यायामाच्या उपदेशावर राहिलेल्यांचें ७ पौंडांनीं. फुगा काढल्यावर तीन महिन्यांनींही २२ पैकीं सुमारें १९ पौंडांचा लाभ टिकून होता.

आतां दुसरी बाजू. पहिले कांहीं दिवस मळमळ, उलट्या व पोटदुखी यांनीं अनेक जण हैराण होतात. क्वचित् स्वादुपिंडास सूज येते, जठरास छिद्र पडतें, किंवा पाणी गळून फुगा आंतड्यांत अडकतो. २०१७ सालीं अमेरिकन सरकारी खात्यानें फुगा घेतलेल्यांच्या मृत्यूंविषयीं डॉक्टरांस सावध केलें. फुगा हेंच त्यांचें कारण होतें असें मात्र ठरलें नव्हतें. जठरावर पूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्यानें या उपायाच्या वाटेस जाऊं नये.

म्हणून ज्यांस हा उपाय सुचविण्यांत येईल त्यांनीं डॉक्टरांस निःसंकोच विचारावें: माझ्या प्रकृतीस हा मानवेल काय? रात्रीं-अपरात्रीं पोटांत कळ आली तर कोणाकडे जावें? फुगा काढण्याची तारीख कोणती? आणि तो काढल्यावर माझ्या आहाराकडे कोण पाहील?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. फुगा सहा महिन्यांचा सोबती आहे. तेवढ्या अवधींत जेवणाची नवी रीत अंगवळणीं पडली तरच त्याचा उपयोग. आणि आपण, जे घरचे व शेजारचे, त्यांनीं अशा माणसास आळशी म्हणून हिणविण्याचें सोडावें. रोगी लाजेनें दडून राहिला, तर कोणताही उपाय त्याच्यापर्यंत पोंचावयाचा नाहीं.