वकिलाची अकार्यक्षमता आणि फौजदारी अपील

फौजदारी खटल्यात आरोपीच्या बाजूस वकील उभा होता, एवढ्यावरून त्याचा बचाव झाला असे म्हणता येईल काय? वकिलाने साक्षीदारांची उलटतपासणी केली नाही, बचावाचा पुरावा दिला नाही, कागदपत्रे धड वाचली नाहीत आणि आरोपीस शिक्षा झाली. तर वकिलाची ही अकार्यक्षमता अपिलाचे कारण होऊ शकते काय, आणि होत असल्यास ती सिद्ध कशी करावयाची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वकिलाच्या कृतीने पक्षकार बांधला जातो हा सर्वसाधारण नियम होय. दिवाणी दाव्यात त्याचे समर्थन करता येते. कारण हानी बहुधा द्रव्याची असते व तिची भरपाई मागता येते. फौजदारी खटल्यात मात्र स्वातंत्र्य, प्रसंगी प्राणही, पणास लागलेला असतो. उलटपक्षी, शिक्षा झालेला प्रत्येक मनुष्य वकिलास दोष देऊ लागला तर कोणताच निर्णय अंतिम राहणार नाही. या दोन टोकांमध्ये समतोल साधणे हाच या विषयातील खरा पेच आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचा ऊहापोह सर्वाधिक झाला आहे. १९३२ मधील पॉवेल विरुद्ध अलाबामा या प्रकरणात स्कॉट्सबरो येथील कृष्णवर्णीय तरुणांवर देहान्त शिक्षेस पात्र असा आरोप होता. आणि न्यायाधीशाने त्यांच्या बचावाचे काम तेथील समस्त वकीलवर्गावर सोपविले होते. जे सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, या न्यायाने प्रत्यक्ष तयारी कोणीच केली नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढे १९६३ मध्ये गिडियन खटल्यात, वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आरोपीस गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील देणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले.

वकिलाच्या कामाचा दर्जा कसा मोजावा, याचे उत्तर १९८४ च्या स्ट्रिकलंड विरुद्ध वॉशिंग्टन या निर्णयाने दिले. अपीलकर्त्याने दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: एक, वकिलाचे वर्तन व्यवसायातील वाजवी मानदंडाच्या खाली गेले होते; दोन, ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी संभाव्यता होती. शिवाय वकिलाने जे केले ते विचारपूर्वक केले, असे गृहीत धरून न्यायालय आरंभ करते. ही कसोटी इतकी कठोर आहे की, त्याच प्रकरणात वकिलाने शिक्षेच्या सुनावणीसाठी मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल वा चारित्र्याचे साक्षीदार मिळविले नव्हते, तरीही देहान्त शिक्षा कायम राहिली. त्याच दिवशी निर्णीत झालेल्या क्रॉनिक खटल्यात मात्र एक अपवाद मान्य झाला: बचाव जवळजवळ नव्हताच अशी परिस्थिती असेल, तर हानी वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. अपील खटल्याच्या दप्तरावर चालते. आणि निष्काळजी वकिलाचा दोष तर दप्तरात जे नाही त्यात असतो. न बोलाविलेला साक्षीदार काय बोलला असता, हे दप्तर कसे सांगणार? म्हणूनच अमेरिकेत ही तक्रार बहुधा थेट अपिलाऐवजी नंतरच्या स्वतंत्र कार्यवाहीत, नवा पुरावा देऊन, मांडली जाते. भारतात अपील न्यायालयास अधिक पुरावा घेण्याचा जो अधिकार आहे, त्याचे महत्त्व येथेच आहे.

आपल्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा विनामूल्य कायदेविषयक साहाय्याचा अनुच्छेद जोडला. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी, निकालपत्राची प्रत वेळेवर मिळणे आणि गरजू कैद्यास अपिलासाठी वकील मिळणे ही २१ व्या अनुच्छेदातील न्याय्य कार्यपद्धतीची अंगे मानली. १९८६ च्या सुक दास प्रकरणात तर, विनामूल्य वकिलाच्या हक्काची जाणीव आरोपीस दिली नाही एवढ्यावरून दोषसिद्धी रद्द झाली.

परंतु नावापुरता वकील दिल्याने ही अट पुरी होते काय? अनोखीलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य हे प्रकरण याचे उत्तर देते. बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या या खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी वकील नेमला गेला, त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, आणि ४ मार्च रोजी दोषसिद्धी झाली. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुराव्याच्या गुणदोषांत न शिरता, बचावाची खरी संधीच मिळाली नाही म्हणून फेरखटल्याचा आदेश दिला. जन्मठेप वा मृत्युदंडाच्या खटल्यात न्यायमित्र किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्यास तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे दंडकही घालून दिले. फेरखटल्यात आरोपीस पुन्हा फाशीची शिक्षा झाली. तीही रद्द झाली, आणि अखेर २०२४ मध्ये तो निर्दोष ठरला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४१ व्या कलमात सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद आहे; मात्र वकिलाची अकार्यक्षमता हे अपिलाचे कारण म्हणून संहितेत स्वतंत्रपणे नमूद नाही. अपीलकर्त्यास अखेर ‘न्यायाची हानी’ झाली हेच दाखवावे लागते. आणि येथेच स्ट्रिकलंडच्या दुसऱ्या अटीची उणीव दिसते. पुरावा बळकट दिसतो म्हणून निकाल बदलला नसता, असे म्हणताना तो पुरावा कधी पारखलाच गेला नव्हता, हे विसरले जाते. उलटतपासणीविना बळकट वाटणारा पुरावा खरोखर बळकट आहे की नाही, हे त्याच उलटतपासणीवाचून कळावयाचे नाही. तेरा दिवसांत सिद्ध झालेला गुन्हा अकरा वर्षांनी असिद्ध ठरला, या एका उदाहरणावरून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट व्हावी.