टर्मिनलच्या आत (भाग ९) : खिडक्या दोन, शेल एकच

मागच्या भागात एक छोटा प्रयोग करायला सांगितला होता. दोन टर्मिनल विंडो उघडायच्या, एकीत 'सीडी' करून दुसऱ्या फोल्डरमध्ये जायचं आणि दुसरीला 'पीडब्ल्यूडी' विचारायचं. ज्यांनी करून पाहिलं, त्यांना दिसलं असेल की दुसरी विंडो आपल्या जागेवरून हललेलीच नाही. प्रत्येक विंडोमागे स्वतंत्र शेल प्रोसेस चालू असते. तिचा चालू फोल्डर, तिची व्हेरिएबल्स, वरचा बाण दाबल्यावर येणाऱ्या जुन्या आज्ञा, सगळं तिचं तिच्यापुरतं.

आज उलटा प्रश्न. दोन विंडोंमागे एकच शेल ठेवता येईल का? ऑफिसात अर्धवट सोडलेलं काम रात्री घरच्या लॅपटॉपवर आहे त्या अवस्थेत समोर यावं. किंवा मी नागपुरात एखाद्या आज्ञेपाशी अडकलो, तर पुण्यातल्या मैत्रिणीला माझ्याच शेलमध्ये येऊन चूक दाखवता यावी.

ठेवता येतो. पण दोन विंडो नुसत्या एकमेकींना जोडून ते होत नाही, आणि का होत नाही हे स्वतःच्या हातांनी अनुभवावं असं मला फार वाटतं. लिनक्सच्या एका विंडोत 'टीटीवाय' ही आज्ञा द्या. 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'पीटीएस' फोल्डरातल्या एका फाइलचं नाव मिळेल, समजा, ३. आता दुसऱ्या विंडोतून 'इको नमस्कार' लिहून त्याचं आउटपुट त्या ३ नंबरच्या फाइलकडे वळवा. पहिल्या विंडोत नमस्कार उमटेल, आणि तिथल्या शेलला त्याची गंधवार्ताही नसेल. म्हणजे लिहिणं जमलं. आता वाचून पाहू. दुसऱ्या विंडोत त्याच फाइलवर 'कॅट' चालवा आणि पहिल्या विंडोत काहीतरी टाइप करत राहा. काही अक्षरं शेलकडे जातील, काही दुसऱ्या विंडोत निघतील. 'एलएस'मधलं एल इकडे, एस तिकडे. दुसऱ्या विंडोत कंट्रोल-सी दाबलं की हा गोंधळ थांबतो.

पाटाचं पाणी एका वाफ्यात वळलं की ते दुसऱ्या वाफ्याला मिळत नाही, तसंच इथे होतं. कर्नलच्या रांगेतलं अक्षर एकदा कुणी वाचलं की ते रांगेतून गेलं. दोघे वाचणारे आले तर त्यांच्यात वाटणी होते, प्रत होत नाही.

मग उपाय कुठे आहे? त्यासाठी ही ३ नंबरची फाइल नेमकी काय आहे ते पाहायला हवं. युनिक्स बेल लॅब्जमध्ये घडत होतं तेव्हा संगणकासमोर सहसा पडदा नसे. टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचं, कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला १० अक्षरं छापणारं यंत्र असे. 'टीटीवाय' हे नाव त्या टेलिटाइपचं. पुढे यंत्र गेलं, पण प्रोग्रॅमना मात्र अजूनही समोर तसंच काहीतरी असल्याचं वाटावं लागतं. म्हणून कर्नल एक आभासी टर्मिनल तयार करतो. त्याला दोन टोकं असतात. एका टोकाशी शेल, दुसऱ्या टोकाशी आपली विंडो काढणारा प्रोग्रॅम. शेलला फक्त आपलं टोक दिसतं. पलीकडचं टोक कुणाच्या हातात आहे, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते.

सगळी किल्ली इथेच आहे. पलीकडचं टोक विंडोच्या हातात द्यायचंच नाही. ते पाठीमागे शांतपणे चालणाऱ्या एका मध्यस्थाला द्यायचं, आणि जितक्या विंडो असतील तितक्यांनी त्या मध्यस्थाशी बोलायचं.

'स्क्रीन' हा असा मध्यस्थ १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी लिहिला. २००७ मध्ये निकोलस मॅरियटनं 'टीमक्स' नव्यानं लिहायला घेतलं आणि २००९ मध्ये ते ओपनबीएसडीच्या मूळ प्रणालीतच सामील झालं. दोन्ही आजही वापरात आहेत. मी टीमक्स वापरतो, म्हणून पुढचं वर्णन त्याचं.

मध्यस्थाचं काम आलेली अक्षरं सगळ्या विंडोंना वाटण्याइतकं सोपं नाही. शेलकडून येणाऱ्या प्रवाहात मजकुरासोबत 'कर्सर वर ने', 'ही ओळ पूस', 'इथून पुढे लाल' अशा खुणा असतात. त्यातल्या बऱ्याच १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून चालत आलेल्या आहेत. मध्येच आलेल्या विंडोला नुसता पुढचा प्रवाह दिला, तर उशिरा रेडिओ लावणाऱ्याला समालोचन ऐकू येतं पण धावसंख्या कळत नाही, तशी तिची गत होईल. म्हणून टीमक्स प्रत्येक खूण स्वतः वाचतं आणि पडद्याची पूर्ण प्रत, चौकटीगणिक अक्षर आणि रंग, आपल्या स्मृतीत ठेवतं. नवी विंडो आली की त्या प्रतीवरून तिला अख्खं चित्र काढून देतं. मला या सगळ्या रचनेतलं हेच काम सर्वांत सुंदर वाटतं.

वापर सोपा आहे. 'टीमक्स न्यू' म्हटलं की शेल सुरू होतो, दुसऱ्या विंडोत 'टीमक्स अटॅच' म्हटलं की तोच शेल तिथेही दिसतो. दोन्हीकडचे कीबोर्ड एकाच रांगेत अक्षरं टाकतात, त्यामुळे दोघांनी एकदम टाइप केलं तर खिचडी होते. कुणी टाइप करायचं, हे आपसांत बोलून ठरवावं लागतं. नुसतं पाहायचं असेल तर अटॅच करताना 'आर' हा पर्याय द्यावा.

अडचण येते ती मापाची. शेलला रुंदी-उंची एकच ठाऊक असते, विंडो मात्र लहान-मोठ्या. पूर्वी टीमक्स सगळ्यांत लहान विंडोचं माप धरायचं, आणि मोठ्या विंडोत उरलेल्या जागी ठिपके दिसायचे. अलीकडच्या आवृत्त्या शेवटी वापरलेल्या विंडोचं माप धरतात.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. लिहिण्याच्या हक्कासह आत आलेला माणूस त्या शेलपुरता तुम्हीच असतो. तुमच्या फाइली पुसण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो. टीमक्स आपलं सॉकेट, म्हणजे विंडोंना मध्यस्थाशी बोलण्याची वाट, फक्त मालकालाच उघडेल अशा फोल्डरात ठेवतं, ते यासाठीच. त्या परवानग्या सैल करून मित्राला वाट देण्याआधी दोनदा विचार करा.

मी टीमक्स शिकलो ते शेल वाटून घेण्यासाठी नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी दूरच्या सर्व्हरवर सात तासांचं डेटा-रूपांतर लावून झोपलो होतो. रात्री वीज गेली, राउटर बंद पडला, जोडणी तुटली. विंडोकडचं टोक नाहीसं झालं की कर्नल शेलकडे 'हँगअप'चा संकेत पाठवतो. टेलिफोनची लाइन तुटण्याच्या काळातलं ते नाव. त्या संकेतानं शेल गेला, त्याच्यासोबत काम गेलं, आणि सकाळी हाती अर्धी फाइल उरली. टोक मध्यस्थाच्या हातात असतं, तर फक्त माझी विंडो गेली असती.

हेच या आठवड्यात करून पाहा. टीमक्सच्या आत 'इको'ला डॉलरची दोन चिन्हं द्या. शेलचा प्रोसेस क्रमांक मिळेल, तो कागदावर लिहा. मग विंडो सरळ बंद करा, संगणक मात्र चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी नवी विंडो उघडून 'टीमक्स अटॅच' म्हणा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. कागदावरचाच आकडा समोर येईल.