पडण्याची विद्या

ज्युदोच्या वर्गात नवं पोर दाखल झालं की पहिले काही आठवडे त्याला कुणी डाव शिकवत नाही, पडायला शिकवतात. भिंतीशी बसलेल्या आयांना हे फारसं रुचत नाही. फी भरली ती पोराला दोन हात करता यावेत म्हणून, आणि चिरंजीव तर तासभर गादीवर लोळताहेत! पण युद्धकलांचे जे फायदे जाहिरातीत ऐकवले जातात, त्यांतला सर्वांत भरवशाचा फायदा या लोळण्यातच आहे, असं माझं मत यावरचं संशोधन वाचून झालं आहे. बाकीच्या फायद्यांना बऱ्याच अटी आहेत.

पडण्याच्या या सरावाला जपानीत उकेमी म्हणतात. सुरुवात जमिनीवर उताणं झोपूनच होते. हनुवटी छातीकडे घ्यायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून जरा तिरके असे गादीवर सपकन मारायचे. नजर गाठीवर असली की मान आपोआप वर राहते आणि डोक्याची मागची बाजू आपटत नाही. हे अंगवळणी पडलं की उकिडवं बसून, मग उभं राहून, मग चालता चालता खांद्यावरून कोलांटी घेत पडायचं. श्वास सोडत पडायचं, आणि काहीही झालं तरी हात मागे टेकून स्वतःला सावरायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड. पडताना हात टेकणं ही उपजत खोड आहे, आणि मनगटं मोडतात ती बहुतेकदा तिच्यामुळेच.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (1860–1938) अंगाने किरकोळ होते. शाळेतली दांडगट पोरं त्यांना छळत, म्हणून त्यांना जुजुत्सू ही जुनी झुंजविद्या शिकायची होती. पण मेइजी राजवटीत जुन्या विद्या अडगळीत पडल्या होत्या, गुरू सापडेना. तेव्हा कानोंनी हाडवैद्यांकडे चौकशी सुरू केली, कारण जुजुत्सूचे अनेक जाणकार हाडं बसवून पोट भरत होते. असेच त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू भेटले. 1882 मध्ये कानोंनी तोक्योतल्या एइशोजी मंदिरात 12 तातामींच्या, म्हणजे 12 चटयांच्या, जागेत स्वतःची शाळा, कोदोकान, काढली. पोरांच्या आदळआपटीने मंदिराच्या जमिनीच्या फळ्या मोडत, आणि गुरुजी स्वतः खाली शिरून त्या दुरुस्त करत.

कानो पेशाने शिक्षक होते. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते अनेक वर्षं प्राचार्य होते, आणि 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्यही तेच. त्यांनी जिवावर बेतणारे प्रहार रोजच्या सरावातून बाजूला काढले आणि पडण्याचं तंत्र पायाशी ठेवलं. पूर्ण जोर लावून झोंबी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी धड अंगाने पुन्हा यावं, अशी ही मांडणी. मुलांना हा खेळ देता आला तो त्यामुळेच.

मुलांवर परिणाम काय होतो, यावर अभ्यास बरेच झालेत आणि ते एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी 2004 मध्ये एका शाळेतल्या 207 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीपासून पाचवीपर्यंतची मुलं, निम्म्यांना नेहमीची पीटी, निम्म्यांना तायक्वांदो. तीन महिन्यांनी तायक्वांदोवाल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा आणि वर्गातली वागणूक अधिक सुधारली होती, तोंडी हिशेबाच्या चाचणीतही ती पुढे होती. पालक इथेच वाचन थांबवतात. वर्गचालक तर थांबवतातच.

पण 1986 मध्ये ट्रल्सन यांनी केलेला एक लहानसा प्रयोग आहे, 34 मुलांचा. 13 ते 17 वयाची, वाया गेलेली म्हणून शिक्का बसलेली ही मुलं. एका गटाला तायक्वांदो पारंपरिक पद्धतीने शिकवला. त्यात ध्यान, नमस्कार, गुरूचा शब्द, सगळं आलं. दुसऱ्याला नुसती मारामारी शिकवली. तिसरा गट धावला आणि बास्केटबॉल खेळला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा आक्रमकपणा उतरला, दुसऱ्याचा चढला. 34 हा आकडा फारच छोटा आहे, त्यावर इमला बांधू नये. मात्र 2005 मध्ये नॉर्वेच्या एन्ड्रेसन आणि ओल्वेउस यांनी 11 ते 13 वर्षांच्या 477 मुलग्यांचा दोन वर्षं माग ठेवला, तेव्हा बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पौर्वात्य युद्धकलांमध्ये उतरलेल्या मुलांची आखाड्याबाहेरची दांडगाई वाढलेली आढळली. ओल्वेउस म्हणजे शाळेतल्या दादागिरीवर आयुष्य घालवलेला माणूस. त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला एकच गोष्ट दिसते: पोर सुधारतं की बिघडतं हे कलेवर नाही, शिकवणाऱ्यावर ठरतं. याचा सर्वांत जळजळीत पुरावा खुद्द जपानमध्येच आहे. नागोया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ उचिदा र्‍यो यांनी शालेय अपघातांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावल्याचं समोर आलं. त्यांत डोक्याच्या दुखापती फार, आणि बळी पडणाऱ्यांत नवखी मुलं पुष्कळ. पायाला आकडी घालून मागे फेकणारा ओसोतोगारी हा डाव त्यांच्यावर पडण्याचं तंत्र पक्कं होण्याआधीच टाकला जाई. डोकं जमिनीला जोरात आदळलंच पाहिजे असंही नाही. नुसत्या हिसक्यानेही मेंदूवरच्या शिरा फाटू शकतात. 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या, म्हणून पालक खडबडून जागे झाले.

ज्युदो खेळणारे फ्रान्समध्ये जपानपेक्षाही अधिक आहेत. तिथे अशा मृत्यूंची मालिका दिसत नाही. फ्रान्सने 1955 मध्येच कायदा करून ज्युदो शिकवायला सरकारी पदविका बंधनकारक केली. जपानच्या शाळांमध्ये मात्र उत्तम खेळाडू असणं हीच शिकवण्याची पात्रता मानली जात होती. घरच्या विद्येचा मान परक्यांनी अधिक राखला, असं म्हटलं तर जपान्यांना राग येईल, पण आकडे त्यांचेच आहेत.

आपल्या तालमींनाही पडण्याचं भान जुनंच आहे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती सराव सुरू होण्याआधी फावड्याने खणून भुसभुशीत करायची, हे काम वस्ताद पोरांनाच लावतात. ज्या मातीत आपटायचं ती आपणच मऊ करायची. आता शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फरशीवर एक पातळ सतरंजी टाकून कराटेचे वर्ग भरतात आणि दर तीन-चार महिन्यांनी परीक्षेची फी घेऊन पट्ट्याचा रंग बदलतात. रंगीत पट्ट्यांवर माझा राग नाही, पोरांना ते आवडतात. पण पट्टा कधी मिळणार हे विचारणाऱ्या पालकाने खाली काय अंथरलंय, पडायला किती दिवस शिकवता आणि डोक्याला मार बसला तर त्या दिवशी सराव थांबवता का, हेही विचारावं.

  

मोठ्यांसाठी तर उकेमी मुलांहून जास्त मोलाची. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, हे घरोघरी माहीत आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी अनुभवी ज्युदोपटूंना मुद्दाम कुशीवर पडायला लावून मोजमाप केलं. तंत्राने पडताना खुब्यावर येणारा आघात सुमारे 27 ते 30 टक्क्यांनी कमी भरला. गंमत म्हणजे हाताचा तो प्रसिद्ध फटका न मारताही फायदा तेवढाच राहिला. खरं काम अंग वळवून लोळण घेण्याचं. मग कधीच ज्युदो न केलेल्या तरुणांना फक्त अर्धा तास शिकवलं, तरी आघात स्पष्टपणे घटला. याच गटाने ज्येष्ठांसाठी पाच आठवड्यांचा कार्यक्रम आखला. अडथळ्यांतून चालणं आणि पडण्याचं तंत्र हे त्याचे भाग. त्यानंतर शिकलेल्यांचं पडण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी खाली आलं. पडायला शिकलेली माणसं कमी पडू लागली.

कानोंच्या गुरूंची नात केइको फुकुदा यांनी तर नव्वदी ओलांडल्यावरही सॅन फ्रान्सिस्कोत शिकवणं सोडलं नव्हतं. 2013 मध्ये, 99 व्या वर्षी त्या गेल्या. अर्थात त्या तरुणपणापासून गादीवर होत्या. साठीत सुरुवात करणाऱ्याने, विशेषतः हाडं ठिसूळ झालेल्या बाईने, त्यांची नक्कल करू नये. अशांसाठी नायमेखनच्या मंडळींनी अटी घातल्या आहेत: खुब्याला संरक्षक पट्टा बांधायचा, जाड गादीवरच पडायचं, आणि उभ्याने पुढे पडण्याचा सराव करायचाच नाही.